फुकटचा सल्ला आणि पस्तीस हजारांचा सल्ला

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ ४३ वर्षांचे. भांडुपला चाळीत स्वतःची खोली. घरी आई, पत्नी आणि दहावीतली मुलगी. एका कुरियर कंपनीत सुपरवायझर आहेत, हातात ३८,००० रुपये पडतात. करोनाच्या वर्षी काही महिने अर्धा पगार मिळाला, तेव्हा किराणा क्रेडिट कार्डावर आला. मग वडिलांचं आजारपण निघालं. ऑपरेशन केईएममध्ये झालं, पण बाहेरची औषधं आणि नंतर देखभालीला माणसं ठेवण्यात पैसा गेला. त्यासाठी पर्सनल लोन, ते फेडायला दुसरं कार्ड, कार्डाचं बिल भरायला मोबाइलवरची तीन ॲप. आज पर्सनल लोनचे २,१०,००० बाकी, दोन कार्डांवर १,४०,००० आणि ८५,०००, ॲपचे ४५,०००. शिवाय पत्नीच्या पाटल्या आणि मोहनमाळ ९०,००० ला गहाण. तिला वाटतं, दागिने लॉकरमध्ये आहेत. मार्गशीर्षात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. एक कंपनी फोनवर सांगते, ‘३५,००० आधी भरा, तुमचं कर्ज निम्म्यावर आणतो. तोवर एकही हप्ता भरू नका, बँकेचा फोन उचलू नका.’ साडू ३५,००० उसने द्यायला तयार आहे. एक मित्र म्हणतो, पैसे देऊ नकोस, फुकट सल्ला देणाऱ्या जागा आहेत, तिथे जा. ते विचारतात: ‘फुकट सल्ला देणारा एक तर बँकेचाच माणूस असणार, नाहीतर त्याला काही येत नसणार. चांगला डॉक्टर फी घेतल्याशिवाय हात लावतो का? कंपनीला पैसे भरू की नको? आणि बायकोला सांगू का?’

नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की रात्री झोप लागत नाही आणि नको ते विचार येतात. बाकी सगळं नंतर. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. हे वाचून झाल्यावर नाही, मध्येच थांबून फोन केलात तरी चालेल. पुढचा मजकूर कुठे पळून जात नाही.

आता हिशेब. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. प्रत्येक कर्जाची बाकी तुम्हाला तोंडपाठ आहे, पण घरखर्च महिन्याला किती, हा आकडा तीन पानांत कुठेही नाही. कर्जात बुडालेल्या माणसाचं हे नेहमीचं लक्षण. मी एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात बरीच वर्षं काढली आहेत. समोर बसलेला माणूस थकलेला हप्ता पैशांसकट सांगायचा आणि घरात दूध किती लागतं विचारलं की गप्प व्हायचा.

तुम्ही दिलेल्या आकड्यांची बेरीज मी केली. पर्सनल लोनचा हप्ता ९,४००. दोन कार्डांचं मिनिमम ड्यू, म्हणजे महिन्याला कमीत कमी भरायची रक्कम, पाच टक्क्यांनी ११,२५०. ॲपवाल्यांचे १५,०००. सोन्याचं व्याज हजाराच्या आसपास. झाले ३६,६५०. पगारातले १,३५० उरले, आणि त्यात चार माणसांचं घर चालतंय म्हणता. ते चालत नाही. ते पुन्हा कार्डावर चालतं. याची टोपी त्याला आणि त्याची याला, असं गेली तीन वर्षं चाललंय, आणि दर फेरीत टोपी महाग होतेय.

किती महाग, तेही बघा. मोठ्या कार्डाचं व्याज तुम्ही महिन्याला साडेतीन टक्के लिहिलंय. ऐकायला बारीक वाटतं, वर्षाचे ते ४२ टक्के होतात. १,४०,००० वर महिन्याचं व्याज ४,९००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,७८२. तुम्ही ७,००० भरता. मूळ रकमेतून जेमतेम बाराशे कमी होतात, आणि त्याच आठवड्यात चार हजारांचा किराणा त्याच कार्डावर येतो. त्या किराण्याला पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदतही मिळत नाही, कारण मागची बाकी पूर्ण भरलेली नाही. मिनिमम ड्यू भरलं की कार्ड नियमित राहतं एवढंच. कर्ज तिथेच राहतं.

तुमचा डॉक्टरचा दाखला मला मात्र अजिबात पटला नाही. वडिलांचं ऑपरेशन केईएममध्ये झालं आणि चांगलं झालं, हे तुम्हीच लिहिलंय. तिथल्या सर्जनने किती फी घेतली? म्हणजे फुकट मिळतं ते हलकं असतं, असं काही तुमचा अनुभव सांगत नाही. तुम्हाला भीती वेगळीच आहे. फुकटच्या ठिकाणी रांग असते, चार लोक बघतात, नाव-पत्ता लिहून द्यावा लागतो. फोनवरच्या कंपनीला पैसे दिले की कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. ३५,००० ही सल्ल्याची किंमत नाहीच. लपून राहण्याची आहे.

आता तो सल्ला तपासू. ‘हप्ते भरू नका, फोन उचलू नका.’ यातून काय होतं? ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत-अनुत्पादक धरते. प्रत्येक चुकलेल्या हप्त्याची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीकडे, जाते, दंडाची रक्कम चढत राहते. लोन घेताना चेक दिले असतील आणि ते परत गेले, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं, म्हणजे फौजदारी प्रकरण होतं. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर पेमेंट सिस्टिम कायद्याच्या २५ व्या कलमाखाली तसंच प्रकरण होऊ शकतं. दोन्हींत नोटीस येते आणि पैसे भरायला १५ दिवस मिळतात. ती नोटीस तुम्ही उघडायचीच नाही, कारण कंपनीने सांगितलंय. कुणासाठी चांगला सल्ला आहे हा?

सहा-आठ महिन्यांनी बँक थकली की कंपनी तडजोड करून देणार. ती तडजोड तुम्हाला स्वतःलाही मागता येते. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये बँकांना आणि वित्त कंपन्यांना अशा तडजोडीचं लेखी धोरण ठेवायलाच सांगितलंय. आमच्याकडे कर्जदार स्वतः कागद घेऊन आला की फाइल लवकर हलायची. मध्यस्थ आला की आमचे साहेब पहिलं विचारायचे, ‘ह्याला द्यायला पैसे आहेत, आपल्याला द्यायला नाहीत?’

तडजोड वाईट असते असं मी म्हणत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तीच वाट असते. पण सिबिलच्या अहवालात अशा खात्यावर ‘क्लोज्ड’ लिहून येत नाही, ‘सेटल्ड’ येतं, आणि ते बरीच वर्षं राहतं. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की तो शब्द आधी तिथे जाऊन बसलेला असेल. पगार चालू असलेल्या माणसाने तिथून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे.

फुकट सल्ला देणारा बँकेचा माणूस असणार, ही तुमची शंका अर्धी खरी आहे. ब्रिटनमध्ये कर्जात अडकलेल्यांना मोफत सल्ला देणारी स्टेपचेंज नावाची मोठी संस्था आहे, १९९३ पासूनची. तिचा बराचसा खर्च कर्ज देणाऱ्या कंपन्याच उचलतात. का? कारण सल्ला मिळालेला माणूस महिन्याला थोडे का होईना, भरत राहतो आणि फोन बंद करून बसलेला काहीच भरत नाही. आपल्याकडेही बँक ऑफ इंडियाने २००६ मध्ये मुंबईत पत-समुपदेशन केंद्र काढलं, नाव ठेवलं ‘अभय’. मला ते नाव फार आवडलं होतं. पुढे २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा केंद्रांची योजनाच आखली आणि सेवा मोफत असली पाहिजे असं त्यात घातलं. आज अग्रणी बँकांची (प्रत्येक जिल्ह्यासाठी नेमून दिलेल्या बँकांची) आर्थिक साक्षरता केंद्रं त्याच योजनेतून आलेली आहेत. तेव्हा बँकेच्या पैशावरचा सल्लागार तुम्हाला ‘कर्ज बुडवा’ असं कधी सांगणार नाही, हे धरूनच जा. पण हप्ता कसा बसवायचा, कुठलं कर्ज आधी, बँकेला अर्ज कसा लिहायचा, हे तो नीट सांगतो. तुमची गरज सध्या एवढीच आहे.

बँकेविरुद्ध बोलायचं असेल तेव्हा दुसरीकडे जायचं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून या शहरात आहे, तिथे तक्रारीसाठी मार्गदर्शन मिळतं. दादरच्या मनीलाइफ फाउंडेशननेही कर्जदारांना मोफत मार्गदर्शन करण्याचं काम केलंय. कायद्याचा प्रश्न असेल तर विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील फुकट मिळतो. तुमचं उत्पन्न त्याच्या वर जातं. मात्र स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना ही अट नाही, हे इतर वाचकांनी लक्षात ठेवावं. आणि लोकअदालतीत तुमच्यासारख्यालाही बसता येतं, कोर्ट फी लागत नाही. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. १४४४८ वर माहिती मिळते, तक्रार ऑनलाइन करता येते आणि एक रुपयाही लागत नाही.

सगळं एका छपराखाली मिळत नाही, हे खरं आहे, आणि तसं असणं चुकीचं आहे. भांडुपच्या माणसाने रजा टाकून किती दारं पालथी घालायची? पण हातात नीट कागद असले तर दारं कमी लागतात. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो काढा, म्हणजे आपण विसरलेलं एखादं खातंही दिसेल. एका फुलस्केपवर प्रत्येक कर्जाची बाकी, व्याजाचा दर, हप्ता आणि तारीख लिहा. मागच्या बाजूला घरखर्च. खरा. लोकलचा पास, आईच्या गोळ्या, मुलीचा क्लास, गॅस, गणपतीची वर्गणीसुद्धा. हा कागद नसेल तर जगातला सर्वांत हुशार सल्लागारही तुम्हाला फक्त धीर देईल.

तो कागद माझ्यासमोर असता तर मी काय सांगितलं असतं? दोन्ही कार्ड आज वापरातून काढा. बँकेला लिहा की बाकी रकमेचे हप्ते बांधून द्या, कार्ड बंद केलं तरी चालेल. बँका हे करतात. समजा दीड टक्का महिना दराने तीन वर्षांचे हप्ते झाले, तर दोन्ही कार्डांचे मिळून सव्वाआठ हजारांच्या आसपास बसतील. आजच्या मिनिमम ड्यूपेक्षा तीन हजार कमी, आणि मुख्य म्हणजे संपण्याची तारीख असलेले. पर्सनल लोनचा हप्ता खेचत येत असेल तर त्याला हात लावू नका. घरखर्च मांडल्यावर जमत नाही असं दिसलं, तरच मुदत वाढवून मागा, आणि तेही हप्ता चुकायच्या आधी. हप्ता चुकायच्या आधी आलेला माणूस आणि चुकल्यावर आलेला माणूस, यांना बँकेत खुर्चीसुद्धा वेगवेगळी मिळते.

ॲपची कर्जं सर्वांत लहान आणि सर्वांत विषारी. ती नवीन ॲप घेऊन फिरवणं आजपासून बंद. आधी प्रत्येक ॲप कुठल्या बँकेचं किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीचं आहे ते बघा, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲपची यादी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल यांना हात लावता येत नाही. तुमच्या बॉसला मेसेज गेला, फोटो बिघडवून पाठवले, तर ती वसुली नाही, गुन्हा आहे. १९३० वर सायबर तक्रार करा, स्क्रीनशॉट जपून ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी द्या. मूळ रक्कम मात्र देणं आहे, ते नाकारू नका.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट लिहून दिलंय. ‘संध्याकाळी पोलीस घेऊन येतो’ ही धमकी हमखास देतात. मी तसं बोलणारी माणसं पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकानेही कधी पोलीस आणले नाहीत. विनातारण कर्ज न फेडता येणं हा दिवाणी मामला आहे. चेकचं आणि खात्यातून कापल्या जाणाऱ्या हप्त्याचं तेवढं वर सांगितलं ते सांभाळा. उद्या कोर्टात हुकूमनामा झालाच, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने पगारातले पहिले हजार आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. पीएफलाही हात लागत नाही. त्याच कलमात स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाने बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने वगळलेले आहेत. मंगळसूत्राचा विचार १९०८ सालच्या कायद्याने करून ठेवलाय.

तुमचे वडील गिरणीत होते आणि ‘उंबऱ्यावर वसुलीवाला येऊ देऊ नये’ असं म्हणायचे, हे वाचून मला गिरणगावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं आठवलं. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर सोटा घेऊन सावकार उभा राहायचा. ही गोष्ट इतकी सर्रास होती की कामगारांवरच्या शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात, कारखान्याच्या दाराशी वसुलीसाठी असं ठाण मांडणं गुन्हा ठरवावं, अशी शिफारस केली. म्हणजे तुमच्या वडिलांच्याही आधीपासून कर्ज सगळ्यांनाच होतं, आणि सगळ्यांनी ते एकमेकांपासून लपवलं होतं.

काही वाचक दिवाळखोरीबद्दल विचारतात म्हणून एवढंच. मुंबईत अजून १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा चालतो, नादारीचा अर्ज उच्च न्यायालयात जातो. २०१६ च्या नव्या कायद्यातला सामान्य माणसाचा भाग अजून लागूच झालेला नाही. पगार चालू आणि बाकी पावणेसहा लाख, अशा माणसाने त्या दारापर्यंत जायचं कारण नाही.

राहिली तुमची पत्नी.

‘तिला धक्का बसेल’ असं तुम्ही लिहिलंय. बसेलच. पण त्याच पत्रात असंही आहे की ती आठ वर्षं चाळीतल्या बायकांची भिशी चालवते आणि एकदाही हिशेबात चूक झालेली नाही. आणि गेल्या दिवाळीपासून तिने तुमच्याकडे काही मागणं बंद केलंय. तुम्हाला वाटतं तिला काही कळलेलं नाही? माझ्या अंदाजाने तिला आकडा ठाऊक नाही, एवढंच. आणि न सांगितलेला आकडा माणूस नेहमी खऱ्याहून मोठा धरतो.

साडूच्या ३५,००० ला तिला सांगण्याआधी हात लावू नका. ते तिच्या माहेरच्या गोतावळ्यातले पैसे आहेत. लग्नाच्या मांडवात कुणाच्या तरी तोंडून तिला ते कळणं, हे सोन्यापेक्षा वाईट होईल. तिला सांगून झाल्यावर, दोघांनी मिळून घ्यायचे ठरवले, तर ते ॲपवर घाला. ४५,००० पैकी ३५,००० एका फटक्यात गेले की पुढच्या महिन्यात उरलेले दहा जातात आणि महिन्याचे १५,००० सुटतात. कार्डांचे हप्ते बांधून मिळाले, तर मग तुमचं देणं साडेअठरा हजारांच्या आसपास येतं आणि घराला एकोणीस हजार उरतात. ओढाताण होईल. पण कार्ड न घासता महिना संपेल.

सांगताना तो फुलस्केप आणि सोन्याची पावती समोर ठेवा. आई आणि मुलगी घरात नसताना सांगा. रविवारी सकाळी, रात्री नको. ‘मी बघतो सगळं’ हे वाक्य तेवढं टाळा, ते तिने पुष्कळदा ऐकलेलं असणार. आणि एक गोष्ट पक्की ठरवा: कुठल्याही नव्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिची सही घ्यायची नाही. आज ही कर्जं तुमच्या एकट्याच्या नावावर आहेत, तिच्या अंगावर नाहीत. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे आमच्याकडे सही करून गेलेल्या कितीतरी बायकांना नोटीस आल्यावरच कळलं.

सोनं मार्गशीर्षापर्यंत सुटणार नाही. मी दोनदा मांडून पाहिलं, बसत नाही. व्याज मात्र दर महिन्याला भरत राहा, म्हणजे लिलावाची नोटीस येणार नाही. गहाण ठेवलंय तिथे जाऊन विचारा, पावतीवर पाटल्या आणि मोहनमाळ वेगवेगळ्या लिहिल्या असतील आणि थोडी रक्कम भरली तर एखादा डाग सोडवून देतात का. कदाचित पाटल्या येतील, कदाचित काहीच येणार नाही. बहिणीच्या लग्नात काय घालून जायचं आणि विचारणाऱ्यांना काय सांगायचं, ते मग तिला ठरवू द्या.